गावकी मुंबईने मोडली नाही

खाडीपट्ट्यातल्या कुठल्याही गावात, गणपतीत किंवा शिमग्याला, देवळापुढे सभा भरली की एक भाषण ठरलेलं असतं. पूर्वी गावात एकी होती. एकाच्या घरावर कौलं चढवायची तर सगळी वाडी हजर असायची. आज एकाची लावणी तर उद्या दुसऱ्याची, मजुरी म्हणून कुणी कुणाला विचारत नसे. मग मुंबई लागली, आणि गाव ओस पडला. हे भाषण करणारा बहुतेक वेळा मुंबईहूनच आलेला असतो, त्याच्या हातातला माईक मुंबई मंडळाने घेऊन दिलेला असतो आणि समोरचा मांडव मुंबईच्या वर्गणीतला असतो. यातली गंमत कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ऐकणारेही त्याच गाडीने आलेले असतात.

तुडील हे महाड तालुक्यात सावित्रीच्या खाडीपट्ट्यातलं गाव. शिक्षिकेच्या नोकरीमुळे माझा मुक्काम या भागात. मी घाटावरची, करमाळ्याकडची. इथे येण्याआधीच हे मत माझ्या कानावर होतं, आणि आल्यावर तर ते शिक्षकांच्या खोलीत, एसटीत, लग्नाच्या पंगतीत रोज ऐकू येऊ लागलं. दिवाळी अंकांत कोकणावर लेख आला की तोही याच सुरात, बंद घराच्या फोटोसकट. इतक्या जणांना इतक्या मनापासून वाटणारी गोष्ट सगळीच खोटी नसते. ती नक्की कुठे खरी आणि कुठे खोटी, एवढंच इथे पाहायचं आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. त्याच्या बाजूचा पुरावा कमी नाही. वर्गांचे पट दर वर्षी उतरताहेत. चार कुलपं ओलांडावीत तेव्हा पाचव्या घरात चूल पेटलेली दिसते, आणि त्या चुलीपुढे एकटी म्हातारी असते. भाताची खाचरं पड आहेत, त्यांत रान माजलंय. फिरतीची लावणी जवळपास संपली. हे सगळं मला मान्य आहे, यातलं काही नाकारायची गरजही नाही. पण गावात माणसं कमी झाली हे एक विधान आहे आणि गावात एकत्रपण उरलं नाही हे दुसरं. पहिलं सिद्ध केलं की दुसरं आपोआप सिद्ध होतं, असं धरून हे भाषण पुढे सरकतं. घोटाळा तिथेच आहे. शिवाय त्यात एक तिसरं विधान गुपचूप बसलंय: पूर्वी एकी होती. सुरुवात तिथून करू.

स्वयंपूर्ण, एकजीव, राजवटी बदलल्या तरी न बदलणारं हिंदुस्थानी खेडं हे चित्र आपल्याकडे इंग्रज अधिकारी चार्ल्स मेटकाफच्या 1830 च्या टिपणातून आलं. तो लिहीत होता दिल्लीकडच्या गावांबद्दल, आणि तेही सारा कोणत्या पद्धतीने ठरवावा या वादात. पुढे हेन्री मेनने 1871 मध्ये त्यावर ग्रंथच लिहिला आणि मग हे चित्र हिंदुस्थानातल्या प्रत्येक गावाला डकवलं गेलं. मराठीत मात्र त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 च्या 'गावगाड्या'त वतनदार-बलुतेदारांची जी हजेरी घेतली आहे, ती वाचून कुणाला गहिवर येईल असं वाटत नाही. आत्रे महसूल खात्यातले, गाव त्यांनी दप्तरातून आणि घोड्यावरून पाहिलेला. आणि तोही देशावरचा गाव. कोकणात तर देशावरच्या गावाचा साचाही बसत नाही. इथे गावाच्या डोक्यावर खोत होता.

खोत सरकारकडे सारा भरायचा आणि कुळांकडून धान्यात वसूल करायचा. त्याच्या शेतावर वेठ करावी लागायची ती वेगळी. कुळांची एकी होती ती खोताच्या छायेत आणि खोताच्या सोयीपुरती. ती जेव्हा खोताविरुद्ध उभी राहिली, तेव्हा तिला बळ बाहेरून आलं. अलिबागजवळच्या चरीचा शेतकरी संप 1933 पासून सहा वर्षं चालला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर 1937 मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं आणि जानेवारी 1938 मध्ये कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. कायदा व्हायला 1949 उजाडलं. म्हणजे ज्या 'पूर्वी'ची आठवण भाषणात निघते, तिच्यातल्या बऱ्याच मोठ्या भागात इथला कुणबी स्वतः कसत असलेल्या जमिनीचा धनी नव्हता. एकमेकांच्या लावणीला जाण्यातला जिव्हाळा मी नाकारत नाही. पण मजुरी द्यायला दोघांकडेही पैसे नसले की फेड श्रमानेच करावी लागते, हेही त्याच जिव्हाळ्याच्या पोटात आहे. आणि ही देवघेव बरोबरीच्या घरांतली. बरोबरीच्या बाहेर ती जात नसे.

बरोबरीच्या बाहेर कोण होतं, हे विचारायला या भागात लांब जावं लागत नाही. याच खाडीपट्ट्यातलं रावढळ हे गोपाळबाबा वलंगकरांचं गाव. लष्करातून 1886 मध्ये निवृत्त होऊन ते दापोलीला राहिले, 1888 मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. त्यात त्यांनी अस्पृश्यतेबद्दल शास्त्री-पंडितांना प्रश्न विचारले होते. खंडनाचा हा बाज महाड तालुक्याला नवा नाही, हे मुद्दाम सांगते. 1895 मध्ये त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा सोबत बसायचं कसं म्हणून सवर्ण सभासदांनी गहजब केला. 1900 मध्ये ते रावढळलाच वारले. आज खाडीपट्ट्यात 'पूर्वीची एकी' म्हणून जे काही सांगितलं जातं, त्यातल्या कुठल्या सभेत वलंगकरांना बसायला जागा मिळाली असती?

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे, पण या वादात त्याचा एक तपशील कामाचा आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा मुंबई कायदेमंडळातला बोले यांचा ठराव 1923 चा. सुरबानाना टिपणीस अध्यक्ष असताना महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं कागदावर खुलं केलं. 20 मार्च 1927 रोजी आंबेडकरांच्या मागोमाग लोक प्रत्यक्ष पाणी प्याले, आणि त्यानंतर हल्ला झाला तो आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून. गावाची एकी त्या दिवशी नक्कीच दिसली. काठ्या घेऊन दिसली. तळ्याचा कोर्टातला निकाल लागला 1937 मध्ये. स्वतंत्र भारताच्या घटनेचा मसुदा मांडताना 4 नोव्हेंबर 1948 रोजी आंबेडकरांनी मेटकाफचा उतारा वाचून खेड्याच्या गौरवाचा जो समाचार घेतला, त्यामागे ग्रंथांइतकंच महाडही असणार, असं मला वाटतं. मुंबईहून माणसं येतात आणि आमचा गाव बिघडवतात, ही तक्रार 1927 सालीही इथे कुणीतरी केलीच असेल!

आता मुंबईकडे येऊ.

आजची गावकी ज्या रूपात आपण पाहतो, म्हणजे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, पावतीपुस्तक, वार्षिक सभा, हिशेबाची छापील पत्रिका, ती कुठून आली? सेक्रेटरी हे पद भाताच्या खाचरात उगवत नाही. गिरणगावातल्या एका खोलीत एका गावची पंधरा-वीस माणसं पाळीपाळीने झोपत, वळकट्या भिंतीला लावत, भाडं वाटून घेत, आजारी पडलेल्याला गावी पोचवायची सोय करत. या खोल्यांना नियम होते, नियमांना दंड होता आणि दंडाला वही होती. धोबीतलावला गोव्याच्या गावागावांची कूडं होती, तिथेही गावच्या नावाने खाट मिळे आणि शिस्त पाळावी लागे. कोकणी मुसलमानांच्या गावजमातींनी मुंबईत खोल्या घेतल्या, पुढे तीच माणसं केपटाऊनला आणि आखातात गेली तरी जमातीची पट्टी त्यांच्यामागे गेली. गावात राहणाऱ्याला 'मी अमक्या गावचा' हे रोज सिद्ध करावं लागत नाही. परक्या शहरात ते करावं लागतं, कारण झोपायची जागा त्यावर मिळते. गावाला संघटना म्हणून आकार आला तो परळ-लालबाग-डोंगरीत. तिथून तो एसटीने गावात आला.

इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी 1994 च्या त्यांच्या ग्रंथात गिरणी कामगारांच्या गावाशी असलेल्या नात्याचा उलगडा केला आहे. गिरणीत गेलेला माणूस अर्धवट शेतकरी राहिला म्हणून गावाला चिकटला, असं समजण्याची पद्धत होती. त्यांनी दाखवलं की शहरातली नोकरी बेभरवशाची होती, म्हणून गाव घट्ट धरून ठेवणं शहाणपणाचं होतं. 1928 चा गिरण्यांचा सार्वत्रिक संप सहा महिने टिकला, त्याचं एक कारण कामगारांना परतायला गाव होता. 18 जानेवारी 1982 चा संप सुरू झाला आणि कधी रीतसर संपलाच नाही. तेव्हाही कोकणातल्या घरांनी माणसं परत पोटात घेतली. वाईजवळच्या सुगावचा हेमलता दांडेकरांनी केलेला अभ्यास 1986 मध्ये पुस्तकरूपाने आला. त्याच्या नावातच पुरुष मुंबईला आणि बायका घरी अशी विभागणी आहे. त्या विभागणीकडे मी पुढे येणार आहे, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

यात कोकण जगावेगळं नाही. फिलिपिन्समधल्या प्रांतांत गावकऱ्यांनी मिळून बांबूचं अख्खं घर खांद्यावर उचलून नेण्याच्या जुन्या रिवाजाचं असंच कौतुक आहे आणि परदेशी नोकऱ्यांनी ते सगळं संपवल्याची अशीच हळहळ आहे. तिथेही गावच्या संताच्या जत्रेचा खर्च उचलणारा यजमान बरेचदा परदेशातूनच सुट्टीवर आलेला असतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. पैसा पाठवणं म्हणजे एकी नव्हे. वर्गणीने देऊळ बांधता येतं, पण शेजार बांधता येत नाही. मला हा आक्षेप मोडायचा आहे तो इथे पाहिलेल्या एका गोष्टीच्या आधारे. वाडीतलं कुणी रात्री गेलं की पहिला फोन मुंबईला जातो. नालासोपारा, दिवा, कळव्यात विखुरलेली माणसं तासाभरात एकमेकांना गाठतात, गाडी ठरते, आणि पहाटे ती वाडीत उतरतात. तोवर इथल्यांनी लाकडं रचलेली असतात, बांबू-कापड आणलेलं असतं. कुणी काय करायचं, हे कुणी विचारत नाही. परतीची गाडी दुपारीच निघते, कारण दुसऱ्या दिवशी ड्युटी असते. कोकण रेल्वेने सापे-वामनेला उतरून चालत येणारे असतात, त्यांना आणायला पोरं मोटारसायकली घेऊन जातात. ज्याला शेजार मेला म्हणायचं आहे त्याने म्हणावं. मला तो पावणेदोनशे किलोमीटर लांबीचा दिसतो.

आणि लावणीची फिरती संपली ती मनं आटली म्हणून नव्हे. वानर-डुकरं पीक ठेवत नाहीत, भाताला मिळणाऱ्या भावात मजुरीही सुटत नाही, आणि खाचर वाटण्या होत होत ताटाएवढं उरलंय. अशा खाचरासाठी कुणाला हाक मारायची? खरी गरज पडली तेव्हा मात्र हात आले. 26 जुलै 2005 च्या आगेमागे जुई, दासगाव, रोहन, कोंडिवत्यात डोंगर खाली आले आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. 22 जुलै 2021 ला तळियेची कोंढाळकरवाडी गाडली गेली. दोन्ही वेळा यंत्रं पोचण्याआधी चिखल उपसणारे हात आसपासच्याच वाड्यांतले होते. एकीचा पुरावा म्हणून मी याचा जास्त वापर करणार नाही, कारण संकटात कुठलीही माणसं हेच करतात. आणि गावाच्या एकीचं कौतुक करता करता दरडीखाली वस्ती का राहिली हा प्रश्न सरकारला विचारायचा राहून जातो.

गावकी मेलेली नाही याचा सगळ्यांत पक्का पुरावा गोड नाही. रायगड जिल्ह्यात वाळीत टाकण्याच्या तक्रारींनी मधल्या काळात इतका जोर धरला की विधिमंडळाने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो 2017 मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. मेलेल्या संस्थेविरुद्ध कुणी कायदा करत नाही. पोट मुंबईत असलेल्या माणसालाही गावकीचा निर्णय का लागतो? कारण शिमग्याला पालखी त्याच्या दारात यायला हवी असते. नारळ त्याच्या हातचा घ्यायला हवा असतो. महाडला वीरेश्वराच्या छबिन्याला ग्रामदेवता येतात, तेव्हा आपल्या देवीच्या काठीला त्याचाही हात लागायला हवा असतो. पालखीने दार चुकवलं तर नालासोपाऱ्याच्या चाळीतही तोंड दाखवायची सोय राहत नाही. मुंबईने गावकीचा धाक कमी केला नाही, तो दोन्ही टोकांना पोचवला.

तेव्हा माझा पक्ष असा आहे. गावकी पुरातन नाही आणि मोडलेलीही नाही. ती शंभर-सव्वाशे वर्षांत, ये-जा करणाऱ्या माणसांनी, पगारातून घडवलेली संस्था आहे. तिला पुरातन म्हटलं की तिला प्रश्न विचारता येत नाहीत, कारण वाडवडिलांच्या गोष्टीला कोण हात लावणार? तिला मोडलेली म्हटलं तरी विचारता येत नाहीत, कारण गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. ओस पडल्याची हळहळ ही वरून भाबडी वाटते, पण ती गावकीच्या कारभाऱ्यांच्या फार सोयीची आहे.

विचारायचा प्रश्न वहीत आहे. एका वाडीची पट्टीची वही मला पाहायला मिळाली, लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. नाव, मुंबई पट्टी, गाव पट्टी, शेरा. प्रत्येक ओळीला एक घर, आणि घराचं नाव म्हणजे पुरुषाचं नाव. किती ओळींपुढे 'कै.' लावलेलं होतं! माणूस गेला, मुलगा मुंबईला भाड्याच्या खोलीत, घरात विधवा बाई एकटी. वर्गणी ती भरते, शेळी विकून किंवा पोषण आहार शिजवण्याच्या मानधनातून. पावती फाटते कैलासवासी नवऱ्याच्या नावाने. सभेला तिने यायचं नाही. मयताचं खातं चालतं आणि जिवंत बाईचं नाव चालत नाही, असा हा हिशेब. त्या बाईंना मी विचारलं तेव्हा त्या हसल्या. "सभेला आमी नाय जात, बाई. वर्गणीला मातर आमचाच दार दिसतो."

याच बायका शाळा व्यवस्थापन समितीत बसतात. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं घातलं आहे. सुरुवातीला त्या सही करून निघून जात. आता तांदळाचं पोतं किती किलो भरलं, हे त्या वजनकाट्यापाशी उभ्या राहून बघतात, आणि कमी भरलं तर माझ्यावरही आवाज चढवतात. त्यांना कारभार येत नाही हे म्हणणं मी तरी ऐकून घेणार नाही. वर्गात मंडळाने दिलेले पंखे आहेत, पात्यांवर 'सप्रेम भेट' रंगवलेलं आहे, आणि त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण पंखे घ्यायचे की पावसाळ्यात गळणारी स्वयंपाकाची खोली आधी शाकारायची, हे मुंबईतल्या रविवारच्या बैठकीत ठरलं. त्या खोलीत धुरात बसणाऱ्या बाईला कुणी विचारलं असतं, तर उत्तर वेगळं आलं असतं आणि खर्चही कमी आला असता. देवळाच्या सभामंडपाच्या फरशीबद्दल मी बोलणार नाही. तो देवाचा आणि भक्तांचा प्रश्न आहे. एवढंच म्हणते की ती फरशी रोज पुसणारीचंही नाव वहीत नाही.

एवढं बोललं की शेवटचा बाण सुटतो: बाई, तुम्ही बाहेरच्या. आज इथे, उद्या बदली. आमच्या गावचं तुम्हाला काय कळणार? बाण जुना आहे. वलंगकरांना तर ते इथलेच असून बाहेर ठेवलं होतं. मला एवढंच विचारायचं असतं की बाहेरचा कोण, हे मोजायचं कशावर? कार्यकारिणीतले बरेच जण दिव्याला आणि नालासोपाऱ्याला राहतात, शिमगा-गणपती आणि मेच्या सुट्टीत येतात. ते गावचे आहेत, यात मला शंका नाही; एवढा वेळ मी तेच सिद्ध करत होते. जो इथे राहत नाही तो पूर्ण गावचा असू शकतो, हे एकदा मान्य केलं, तर जी बारा महिने इथेच राहते, आड शेंदते, पट्टी भरते, मयताला पहिली पोचते, तिला सभेबाहेर ठेवायला कुठलं कारण उरतं, ते कारभाऱ्यांनी येत्या मेच्या सभेत उभं राहून सांगावं. माझं सोडा. माझी बदली होईलच.